बेलभंडार उचलला त्याच्या तिसऱ्या दिवशी

दोन हजार तेवीस साल होतं आणि माझं वय अडुसष्ट. आतापर्यंतच्या पानांत माझं लहानपण आलं, शाळा सुटली ते आलं, जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा बैलगाडीत मागं बसून मी रडलो नाही, तेही आलं. मग लहानाचा मोठा कसा झालो याच्या वहीत अडुसष्टावं साल कशाला, असं कुणी विचारील. मिसरूड फुटलं म्हणजे माणूस मोठा झाला, असं मी धरून चाललो होतो. लग्न केलं, घर बांधलं, तीन एकर केळी उभी केली, चार माणसं माझ्या शब्दाला थांबायची. पण मोठं व्हायचं राहूनच गेलं होतं, आणि ते त्या वर्षी एका दुपारी माझ्याच अंगणात सुरू झालं. शिक्षण चौथी, तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नये. सुनेला हे पान वाचायला दिलं होतं. ती म्हणाली, "मामा, सोताला जरा सांबाळून लिवा की." मी म्हटलं, सांभाळूनच अडुसष्ट वर्षं काढली, आता राहू दे.

आमची वस्ती करमाळा तालुक्यात, उजनीच्या मागच्या पाण्याच्या कडेला. उन्हाळा लागला की धरणाचं पाणी रोज थोडं थोडं मागं हटतं आणि आम्ही मोटार घेऊन त्याच्या पाठीमागं जातो. पाइप वाढवायचा, केबल ओढायची, गुडघाभर गाळात उतरून मोटार पुढं सरकवायची, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. नवनाथ, माझा एकुलता एक मुलगा, या कामाला असा होता की शेजारचे बोलवायला यायचे. गाळात पाय कुठं टेकवायचा हे त्याला पायानंच कळायचं. दिवसभर काठानं मोटारींची घरघर चालू असायची. वीज गेली की ती एकदम थांबायची, आणि मग घरातला भाकरी थापल्याचा आवाज अंगणापर्यंत यायचा. भाकरी सून करायची, सविता. शेंगाची चटणी मात्र नवनाथच्या आईच्या हातची, उखळात तेल सुटेस्तवर कुटलेली. तिला दुसऱ्या कुणी मुसळाला हात लावलेला चालायचा नाही. नवनाथ त्या चटणीवर तीन भाकरी खायचा. मग दोन खायला लागला, मग एक, मग ताट तसंच ठेवून उठायला लागला. त्याची आई म्हणायची, चटणी खारट झाली असंल. मला वाटायचं, उन्हाळा आहे.

तो का प्यायला लागला, हे मला आजही सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. पुण्याकडं कारखान्यात पाच वर्षं होता, कारखाना बंद पडला तसा बायकोला घेऊन परत आला, एवढं मला ठाऊक. पिऊन तो कुणाला मारायचा नाही, ओरडायचा नाही. ओट्याच्या कोपऱ्यात गप्प बसायचा. मारणारा माणूस असता तर मी त्याला धरला असता, दोन ठेवून दिल्या असत्या. गप्प माणसाचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला टोमणे मारायचो. जेवायला बसलो की म्हणायचो, "केळीची झाडं बी पानी पित्यात, पन फळ तरी देत्यात." तो खाली मान घालून ऐकायचा. एकदा नुसतं म्हणाला, "बरोबर हाय, आन्ना." त्या 'बरोबर हाय'नं मला त्या वेळी समाधानाचा ढेकर आला, हे आता लिहिताना हात थांबतो.

सविता मात्र गप्प बसली नव्हती. तालुक्याला सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तिनं एक नंबर बघितला होता. दारू, नैराश्य, जिवाला कंटाळणं, असल्या गोष्टींसाठी सरकारनं काढलेला, पैसे लागत नाहीत असा. ती दुपारी केळीत जाऊन त्या नंबरवर बोलायची. मी एकदा ठिबकच्या नळ्या बघायला गेलो, तर पानाआड हिचा आवाज. "न्हाई ताई, जेवत न्हाईत. रात्री झोपत बी न्हाईत." घरी आल्यावर मी तिला अंगणात उभी केली.

"कुनाशी बोलत हुतीस?"

"मदतीचा नंबर हाय, मामा. त्यांना समदं कळतंय यातलं. म्हनल्या, डाक्टरला दाखवा, औषधावर हळूहळू सुटती."

"आपल्या घरचं नागडंउगडं कुटल्या परक्या बाईला सांगतीस? तिला काय ठावं आपन कोन ते?"

"त्येच बरं हाय की. तिला ठावं न्हाय म्हनून तर सांगता येतंय."

मी तिच्या मोबाइलमधला तो नंबर तिच्याच हातानं काढून टाकायला लावला. डॉक्टर म्हटलं तर वेड्यांचा, आणि वेड्याच्या डॉक्टरकडं माझा मुलगा जाणार, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं. शिवाय माझ्यापाशी माझा स्वतःचा इलाज होता.

आमच्याकडं बेलभंडार उचलतात. खंडोबाच्या देवळात देवापुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात घेऊन बोललेला शब्द मोडायचा नसतो. मोडला तर वंशाला लागतो. भावाभावांची भांडणं यावर मिटतात, चोरी कबूल होते. दारू सोडवायलाही लोक माणसाला देवळात आणायचे, आणि आणायचे तर समोर उभं राहायला मला बोलवायचे, कारण माझ्यापुढं खोटं बोलायला माणूस कचरतो, असा माझा लौकिक होता. सहा जणांना मी असा बेलभंडार उचलायला लावला होता. त्यातल्या दोघांनी पाळला. बाकीच्यांनी देवाची हद्द म्हणजे आपली शीव असा अर्थ काढला आणि शीव ओलांडून शेजारच्या गावात जाऊन प्यायले. पण लोक लक्षात ठेवतात ते दोघांचं.

एका रविवारी सकाळी मी नवनाथला अंघोळ घालून देवळात नेला. रोज सकाळी कापायचा तसा त्या दिवशीही त्याचा हात कापत होता, भंडारा बोटांतून सांडत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "आन्ना, एकदम न्हाय जमायचं. मला जरा जरा कमी करू द्या."

"बेलभंडाराला जरा जरा नसतंय."

"सविताला इचारा. फोनवरल्या बाई बी म्हनत हुत्या—"

"देव मोटा का फोनवरली बाई मोटी?"

त्यानं शब्द दिला. आजपासून थेंब नाही. आणि तो पाळला जावा म्हणून मी त्याला घरामागच्या खोलीत घातला, जिथं पाइप आणि ठिबकच्या नळ्यांची बंडलं असायची, आणि बाहेरून कडी लावली. कुलूप नाही लावलं. कुलूप लावलं नाही याचाही मला तेव्हा अभिमान होता. मुलगा माझा आहे, कडी पुरे.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीतून ताट आत सरकवताना त्याची आई म्हणाली, "आवं, त्येला घाम लई सुटलाय. पानी बी पोटात ठरंना."

"घाम यिऊ दे. घामातनंच भाईर पडतीय ती."

असंच आम्ही समजत होतो. ताप घामानं उतरतो, तशी दारू घामानं उतरत असणार. उलटी झाली, बरं झालं, विष पडलं. झोप नाही, नसू दे, उपासाला जागरण असतंच. जे जे त्याला होत होतं त्या प्रत्येकाला माझ्यापाशी एक शहाणपणाचं वाक्य तयार होतं. सविता दोन वेळा आली. "मामा, दवाखान्यात नेऊया." मी म्हटलं, "देवाच्या शब्दात दवाखाना घालू नगंस." ती खिडकीपाशी बसून राहिली. आतून नवनाथ तिच्याशी बोलत होता, पण मध्येच भलतंच बोलायचा, कुणाला तरी 'सरक, सरक' म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. काठावरच्या सगळ्या मोटारी थांबल्या. त्या शांततेत खोलीतून पाइप खडखडल्याचा आवाज यायला लागला. मी कडी काढली. नवनाथ पाइपांच्या ढिगाला टेकून उभा होता आणि त्याचं सगळं अंग हलत होतं. हात, मान, जबडा, सगळं. डोळे लाल आणि मोठे. अंगावरचा सदरा पिळून काढावा असा ओला. तो भिंतीकडं बघत होता आणि त्या भिंतीवर काहीच नव्हतं.

गोदाआक्का, माझी चुलतबहीण, त्याच वेळी ताक मागायला आली होती. तिनं दारातून बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. "आरं, वारं आलं रं पोराच्या अंगात. देव आला."

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्यानं एवढं कसं मानलं. पण बेलभंडार उचलून तिसरा दिवस, खंडोबाचं नाव, पोटात अन्न नाही, आणि माणूस असा हलतोय. आमच्यात देव अंगात आलेली माणसं मी लहानपणापासून बघत आलो, ती अशीच हलतात. शंका यायला जागाच नव्हती. आणि खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. तीन वर्षं ज्या मुलाकडं बघून मान खाली जात होती त्याच्या अंगात देव आला.

आम्ही त्याला धरून अंगणात आणला, पाटावर बसवला. गोदाआक्कानं घरातला भंडारा मूठमूठ त्याच्यावर उधळला. घामावर ती हळद चिकटली आणि तो नखशिखांत पिवळा झाला. शेजारची पाच-सहा माणसं जमली, येळकोट झाला. त्याच्या नाकातोंडात भंडारा गेला, तो खोकायला लागला, तसे लोक आणखी मोठ्यानं येळकोट म्हणाले.

"देवा, काय दिसतंय तुमाला?" गोदाआक्कानं पदर पसरून विचारलं.

"मासं," नवनाथ म्हणाला. "भिताडातनं मासं निगाल्यात. काडा की. अंगावर यायलेत."

"मासं म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"वस्तीवर मासं शिजत्यात म्हनून देव रागावलाय," गोदाआक्का म्हणाली. "तरी मी सांगत हुते, रविवारी चूल बाटवू नगा."

शेजारचा बाळासाहेब पुढं आला. त्याला विहिरीला पाणी नव्हतं, बोअर घ्यायची होती. त्यानं हात जोडून विचारलं, "देवा, बोअर वरल्या अंगाला घिऊ का खालच्या?"

"पानी आलं," नवनाथ ओरडला. "घरात पानी आलं. उटा, उटा, पानी आलं."

बाळासाहेबानं माझ्याकडं बघितलं. "पानी लागतंय म्हन्तो. पन खालचं का वरलं ती न्हाय सांगितलं."

"दम धर की," गोदाआक्का म्हणाली. "देव हाय तो, तलाठी न्हाय."

मी पुढं झालो. फेटा काढला. बापानं मुलाच्या पायावर डोकं ठेवायचं नसतं, पण मी ठेवलं. त्याचे पाय बर्फासारखे गार होते. मी म्हटलं, "देवा, माजं पोरगं सुटंल का यातनं?"

त्यानं खाली बघितलं. लाल डोळ्यांत क्षणभर ओळख आली. दात वाजत होते. तो म्हणाला, "आन्ना, मला धरा. मी पडायलोय."

मी तसाच हात जोडून बसलो. मला वाटलं, देव बोलतोय. देवाला कसं धरायचं?

सविता माणसांतून वाट काढत आली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. तिनं माझ्या तोंडासमोर येऊन विचारलं, मोठ्यानं नाही, "मामा, देव तुमाला आन्ना म्हनंल का?"

तेवढ्यात नवनाथ पाटावरून आडवा झाला. अंग ताठ झालं, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. फीट आली होती. कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी कांदा फोडला, गोदाआक्का दातांत चमचा घालायला बघत होती. मी काय केलं? काही नाही. माझ्या मुलाचं डोकं अंगणातल्या फरशीवर आपटत होतं आणि मी गुडघ्यावर बसून बघत होतो. हात पुढं जात नव्हते. आजही त्या दिवसातलं दुसरं काही आठवलं नाही तरी हे हात आठवतात.

सवितानं मोबाइल काढला आणि नंबर लावला. मी काढून टाकायला लावलेला नंबर तिला पाठ होता. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, शांत, पोरसवदा. तिनं आधी विचारलं, श्वास चालू आहे का. मग म्हणाली, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गर्दी मागं घ्या. सवितानं माझा फेटा उचलला आणि त्याच्या डोक्याखाली घातला.

"शेवटची दारू कधी घेतली होती?" फोनमधली मुलगी म्हणाली.

"आज तिसरा दिस," सविता म्हणाली.

"कमी केली होती की एकदम बंद?"

सवितानं फरशीवरचा मोबाइल कोपरानं माझ्याकडं सरकवला. माझ्यावर सूड म्हणून नाही. तिचे दोन्ही हात नवनाथला धरून गुंतले होते आणि मीच एक मोकळा होतो. अंगणात सगळे माझ्याकडं बघत होते. ज्यांना मी देवळात उभं केलं होतं त्यांतला एक जणही होता.

"एकदम," मी म्हटलं. "मी बंद केली."

"तुम्ही कोण?"

"बाप."

ती रागावली नाही. मला वाटलं होतं, रागावेल. ती म्हणाली, "बाबा, बरीच वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की शरीर असं करतं. हलणं, भास होणं, फीट येणं, सगळं त्यातलंच. यात जिवाला धोका असतो. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी आहे का?"

गाडी बाळासाहेबाची होती, केळी वाहायचा पिकअप. तो बोअरचं विसरून चावी घेऊन आला. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, आणि तिथून पुढं सरकारी गाडीतून सोलापूरला. मी पुढं बसलो होतो. मागं सविता त्याचे हात धरून होती. वाटेत ऊस, ज्वारीची काढलेली रानं, पेट्रोल पंप, सगळं रोजच्यासारखं चाललेलं. मला ड्रायव्हरला सांगावंसं वाटत होतं की जोरात ने, पण तो जोरातच नेत होता. मला कुणालाच काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं.

दवाखान्यात नर्सनं नवनाथला बघितलं आणि विचारलं, "कावीळ किती दिवसांची आहे?" सविता म्हणाली, "कावीळ न्हाय, भंडारा हाय." नर्सनं बोट फिरवून बघितलं, बोटाला हळद लागली. ती ओला कपडा घेऊन पुसायला लागली. सोलापुरात असली माणसं पहिल्यांदा येत नसावीत.

संध्याकाळी सविताच्या मोबाइलवर त्याच मुलीचा फोन आला. सविता औषधं आणायला गेली होती म्हणून मी घेतला. पोचलात का, विचारत होती. मी म्हटलं, पोचलो. दाखल केलं का? केलं. मग म्हणाली, "आणि बाबा, तुम्ही कसे आहात?" मी म्हटलं, "मला काय झालंय?" आणि फोन बंद केला. पुढं वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून मी त्या प्रश्नावर बराच वेळ घालवला. माझी आई गेल्यावर मला हे कुणी विचारलं नव्हतं.

तीन दिवस नवनाथ भानावर नव्हता. हात खाटेला मऊ पट्ट्यांनी बांधलेले, सलाईन चालू, मध्येच मासे, मध्येच पाणी. त्याची आई गावाहून आली, डब्यात दशम्या आणि शेंगाची चटणी घेऊन. तिनं डबा उघडला, त्याच्या नाकापाशी धरला, आणि परत बंद केला. मला आणि सविताला खा म्हणाली. मला ती चटणी गिळता आली नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षांत मला उलट शब्द दिला नव्हता ती बाकावर माझ्यापासून हातभर लांब बसली आणि म्हणाली, "म्या सांगितलं हुतं, घाम लई येतोय म्हनून." एवढंच. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, आणि काढला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला. पाणी मागितलं, आईला ओळखलं. आम्हाला वाटलं, सुटलो. दुपारी डॉक्टरांनी मला आणि सविताला खोलीत बोलावलं. मनाच्या आजाराचे डॉक्टर, ज्यांच्याकडं मी जन्मात जाणार नव्हतो. अक्कलकोटाकडचे होते, मराठीत कानडी हेल. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "बाबा, जिवावरचं टळलं. पण हा फक्त दारूचा आजार नाही. दारूच्या आधीपासून त्याच्या मनात काहीतरी आहे. औषध लागेल, काही आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहावं लागेल, आणि त्यानंतरही तो पुन्हा पिऊ शकतो. तेव्हा पुन्हा यायचं. लाजायचं नाही."

"पुन्यांदा?" मी म्हटलं. "मग उपेग काय?"

"मधुमेहवाला पुन्हा येतो तेव्हा तुम्ही असं विचारता का?"

मग त्यांनी विचारलं, "त्याला मरावंसं वाटतं का? कधी विचारलंत?"

मी उठून उभा राहिलो. "असलं अभद्र कोन इचारतं का पोटच्या पोराला? नसंल मनात तर यील की."

"नाही येत. विचारल्यानं येत नाही. असलं तर बाहेर पडतं, आणि बाहेर पडलं की आम्हाला काही करता येतं. आम्ही विचारणार आहोतच. पण तुम्हीही विचारा. रागावून नाही. आणि उत्तर आलं की भाषण देऊ नका."

सविता खाली बघत होती. मी तिच्याकडं बघितलं तेव्हा कळलं की हिला उत्तर ठाऊक आहे. तिनं त्या नंबरवर पहिला फोन केला होता तो दारूसाठी केलाच नव्हता. नवनाथ एकदा तिला म्हणाला होता, मी नसलो तर तुमचं सगळ्यांचं बरं चालेल. का वाटतं असं, म्हणून तिनं विचारल्यावर म्हणाला होता, आन्ना रोजच सांगत्यात की.

तिनं हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. मी तो घेतला नाही.

त्या दिवशी मी नवनाथच्या खाटेपाशी दोनदा गेलो आणि दोनदा परत फिरलो. सहा जणांना देवापुढं उभं करून जाब विचारणारा मी, मला एक वाक्य तोंडातून काढता येईना. वाक्य मनात जुळवलं तर त्याला शेवटी आपोआप ओरडा लागायचा. हे लिहितोय ते अडीच-तीन वर्षांनी. मध्ये नवनाथ दोनदा प्यायला, दोनदा आम्ही त्याला परत घेऊन गेलो, आता या खेपेचा पाचवा महिना चाललाय. आजही सकाळी तो उशिरा उठला तर माझा जीव खाली-वर होतो. बाकीच्यांना सांगायला माझ्याकडं शहाणपण नाही. एवढंच सांगतो की गावात आता मला कुणी बेलभंडाराला बोलवत नाही, आणि बोलवलं तर मी आधी विचारतो, किती वर्षं पितोय, डॉक्टरला दाखवलं का. लोकांना ते आवडत नाही.

डॉक्टर बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, तोंड धुतलं, आणि नवनाथच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसलो. तो जागाच होता, छताकडं बघत. सविता आणि त्याची आई खाली चहाला गेल्या होत्या. मी म्हटलं, "नवनाथ." त्यानं मान वळवली आणि डोळे बारीक केले, मी काहीतरी लागणारं बोलणार म्हणून. मी त्याला विचारलं, "तुला मरून जावंसं वाटतंय का?" आवाज माझा नव्हता, चौथीतल्या पोरानं धडा वाचावा तसा निघाला. तो म्हणाला, "व्हय, आन्ना." माझ्या तोंडाशी चार वाक्यं आली. बायकोची, आईची, देवाची, माझ्या म्हातारपणाची. ती मी गिळली. दुसरं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "कवापासनं?" आणि तो सांगायला लागला.